रोबोट मुलाला माणसांत आणेल का? अंबडच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वेल्डिंग लाइनवरचे रोबोट सांभाळतात, राहायला सिडकोत. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान गेल्या वर्षी झालं. सुटे शब्द पन्नासेक आहेत, पण काही हवं असलं की आईचं मनगट धरून ओढत नेतो. बाकीच्या मुलांकडे फिरकत नाही. लिफ्ट, पंखा, मिक्सर, जे म्हणून फिरतं ते आवडतं. थेरपी चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस. आता एका केंद्राने त्यांना रोबोटच्या सेशनचा व्हिडिओ दाखवून वर्षभराचं पॅकेज सांगितलंय, लाखाच्या वर. घरात आजीचा विरोध आहे, आईचं मन होतंय. वडील विचारतात की रोबोटमुळे मुलं खरंच मिसळायला शिकतात का, या वयाला ते चालेल का, आणि पैसे भरण्याऐवजी घरीच एखादा बनवला तर?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नाशकातच काम करते, आणि लहान मुलांबरोबर रोबोट वापरलेले आहेत. एक मोठा, काही महिन्यांसाठी उसना मिळालेला; एक छोटा, इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून करून दिलेला. उत्तर लांबणार आहे, म्हणून निकाल आधीच सांगते: पॅकेजचे पैसे भरू नका. रोबोटचा उपयोग होतो, पण थोडा होतो, ठरावीक कामापुरता होतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते काम येत असेल तरच होतो. घरी बनवायची तुमची कल्पना मला पॅकेजपेक्षा बरी वाटते. त्याबद्दल शेवटी सांगते.

मुलाला यंत्राची ओढ का, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या लाइनवरचा रोबोट सकाळी पहिला टाका जसा घालतो तसाच शिफ्ट संपताना घालतो. माणसाचं तसं नसतं. तुम्ही “इकडे ये रे” म्हणता तेव्हा भुवया हलतात, मान वाकडी होते, आवाज चढतो, मागे टीव्ही चालू असतो. दुसऱ्यांदा म्हणताना सूर वेगळा, तिसऱ्यांदा तुम्ही ओरडता. आपल्याला हे सगळं एकच बोलावणं वाटतं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना ती तीन वेगळी, अर्धवट कळलेली संकटं वाटतात. रोबोट तेच वाक्य त्याच पट्टीत शंभरदा म्हणतो आणि वैतागत नाही.

हे ओळखून मुद्दाम साध्या चेहऱ्याचे रोबोट बनवले गेले. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठात कर्स्टिन डॉटेनहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून ‘कास्पर’ नावाचा लहान मुलाएवढा रोबोट तयार केला. त्याच्या चेहऱ्यावर हावभाव जेमतेम आहेत, म्हणजे मुलाला वाचायला थोडंच राहावं. अंगावर स्पर्श कळणारे सेन्सर आहेत. जोरात मारलं तर तो दुखल्याचं सांगतो, हळू हात लावला तर खूश होतो. जपानच्या हिदेकी कोझिमांचा ‘कीपॉन’ याहून साधा आहे. रबराचा वीतभर पिवळा गोळा, हात-पाय नाहीत. तो मान वळवून बघतो आणि आनंद झाला की डुलतो, एवढंच. या सगळ्याचा पणजोबा १९७६ सालचा. एडिंबरा विद्यापीठात सिल्व्हिया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी एका ऑटिस्टिक मुलाला जमिनीवर चालणारं, कॉम्प्युटरच्या बटणांनी हलणारं यंत्राचं कासव चालवायला दिलं होतं. म्हणजे कल्पना पन्नास वर्षांची आहे. केंद्रवाल्यांनी ‘अगदी नवीन तंत्रज्ञान’ म्हणून सांगितलं असेल तर तेवढं वजा करून ऐका.

आता मुळात शिकवायचं काय असतं ते बघू, कारण पॅकेजच्या पत्रकात नेहमी ‘आय कॉन्टॅक्ट’ लिहिलेलं असतं आणि खरी गोष्ट त्याच्या शेजारची असते.

ओझरचं विमान डोक्यावरून गडगडत गेलं की वर्षाचं बाळ काय करतं? आकाशाकडे बघतं, लगेच आईच्या तोंडाकडे बघतं, परत आकाशाकडे. मधल्या त्या बघण्यात ‘तू पण बघितलंस ना?’ एवढं सगळं असतं. याला आम्ही जॉइंट अटेन्शन म्हणतो: दोघांनी मिळून तिसऱ्या गोष्टीकडे बघणं, आणि आपण मिळून बघतोय हे दोघांनाही ठाऊक असणं. बोलणं, खेळणं, पाळी घेणं, पुढचं बरंच काही याच्यावर उभं राहतं. ऑटिझममध्ये नेमकं हेच उशिरा येतं किंवा वेगळ्या वाटेने येतं. तुमचा मुलगा आईचं मनगट धरून नेतो म्हणता, तेव्हा तो आईचा हात वापरतो. आईला त्यात सामील करत नाही. मधली ती नजर नाही, हा फरक आहे.

रोबोटचा खरा उपयोग इथे आहे. तो ‘तिसरी गोष्ट’ व्हायला उत्तम असतो. मित्र व्हायला किंवा शिक्षक व्हायला तो फारसा कामाचा नाही.

आमच्याकडे एक मुलगा यायचा, वयाने तुमच्या मुलाच्या आसपासचा. टेबलावर रोबोट, त्याच्या डाव्या हाताला झाकणाचा डबा, डब्यात भिंगरी. रोबोट हात उचलून डब्याकडे दाखवायचा आणि म्हणायचा, “तिकडे बघ.” मुलगा डब्याकडे बघायचाच नाही. रोबोटच्या कोपरात एक लहान मोटर होती. हात उचलताना ती झुंऽऽ करायची, आणि हा कान त्या कोपराला चिकटवून बसायचा. बरीच सेशन अशीच गेली. आई खूश होती. “मॅडम, अर्धा तास जागचा हलला नाही!” पण वॉशिंग मशिनसमोरही तो तेवढाच वेळ बसायचा, हे तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मग मी टेबलाखालच्या टॅबलेटवर पॉज दाबायला लागले. हात अर्धा वर जाऊन थांबायचा. पहिल्यांदा त्याने कोपर ढकलून पाहिलं. परत ढकललं. मग माझं मनगट धरलं आणि माझी बोटं त्या कोपरावर नेऊन ठेवली, पान्ह्याने नट आवळावा तशी. मी हात सैल सोडला. काही बोलले नाही, हसलेही नाही. त्याने माझा हात जरा दाबला. रोबोट थांबलेलाच. तेव्हा त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. अर्धा सेकंदही नसेल. “चालू!” म्हणत मी बटण दाबलं आणि कोपर झुंऽऽ करत वर गेलं.

पुढचं सगळं काम त्या अर्ध्या सेकंदावर झालं. नंतर मी खुर्ची थोडी मागे घेतली, म्हणजे बघायला त्याला मान वळवावी लागे. मग माझ्या जागी आई बसली आणि टॅबलेट तिच्या मांडीवर गेला. मग बघण्याबरोबर “चालू” हा शब्द आला, आधी नुसता “चा”. त्यानंतर रोबोट कपाटात गेला आणि तोच खेळ साबणाच्या फुग्यांवर, चावीच्या गाडीवर, घरच्या मिक्सरवर चालला. आई बटणावर बोट ठेवून थांबायची आणि तो तिच्याकडे बघायचा.

इंजिनिअरिंगच्या पोरांना माझी मागणी विचित्र वाटली होती. त्यांनी महिनोन्‌महिने खपून रोबोट न अडकता चालेल असा केला, आणि मला हवं होतं तो हुकमी बंद पडेल असं बटण. त्यातला एक तर जरा दुखावलाच.

म्हणून कोणत्याही केंद्राचा व्हिडिओ बघताना एकच बघा. मुलगा रोबोटकडे किती वेळ बघतोय, ते सोडून द्या. पंख्याकडेही तो बघतोच. रोबोटवरून नजर उचलून माणसाकडे किती वेळा जातोय, ते मोजा. तुम्ही पाठवलेलं वर्णन वाचलं तर त्या व्हिडिओत मुलगा आणि रोबोट दोघेच दिसतात आणि थेरपिस्ट फ्रेममध्येच नाही. ती फ्रेम कापलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे कुणी बसलेलंच नसेल तर त्या सेशनला मी सामाजिक कौशल्यांचं सेशन म्हणणार नाही.

संशोधन काय सांगतं? दोन कामं सांगते, कारण केंद्रवाले बहुतेक याच दोहोंचं नाव घेतील. येल विद्यापीठात ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबोट ठेवला. रोज अर्धा तास, आई किंवा वडील सोबत बसलेले, रोबोट खेळ घ्यायचा आणि मुलाच्या कुवतीप्रमाणे खेळ सोपा-अवघड करायचा. महिन्याअखेर मुलांचं मोठ्यांबरोबरचं जॉइंट अटेन्शन सुधारलं, तेही रोबोट समोर नसताना. ही खरंच चांगली बातमी होती. पण रोबोट काढून घेतल्यावर महिन्याभराने पाहिलं तर ती सुधारणा ओसरू लागली होती. शिवाय तुलनेसाठी रोबोट न दिलेला दुसरा गट नव्हता, आणि मुलं ६ ते १२ वर्षांची होती. तुमचा साडेचारचा. त्यामुळे ‘येलने सिद्ध केलंय’ असं कुणी म्हणालं तर हे तीन मुद्दे विचारा.

दुसरं काम युरोपातलं, ‘ड्रीम’ नावाचा मोठा प्रकल्प, २०१४ ते २०१९. त्यात लहान मुलांना नक्कल करणं, पाळी घेणं, दाखवलं तिकडे बघणं हे ‘नाओ’ नावाच्या रोबोटच्या मदतीने शिकवलं आणि माणसाने दिलेल्या नेहमीच्या थेरपीशी तुलना केली. फायदा जवळपास सारखाच दिसला. संशोधकांसाठी ही आशेची गोष्ट आहे, कारण पुढेमागे थेरपिस्टचा थोडा भार हलका होईल. तुमच्यासाठी तिचा अर्थ साधा आहे. जे आत्ता तीन दिवस चालू आहे ते नीट चालू असेल, तर रोबोट नसल्याने तुमच्या मुलाचं काही बुडत नाहीये.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. अशा बहुतेक प्रयोगांत रोबोट स्वतः काही समजून बोलत नसतो. बाजूला किंवा काचेमागे बसलेला माणूस लॅपटॉपवरून त्याला चालवत असतो. ‘रोबोटने ओळखलं की मूल कंटाळलंय’ याचा अर्थ ‘लॅपटॉपवाल्या बाईने ओळखलं’. यात फसवणूक नाही, कामाची ती रीतच आहे. पण मग तुम्ही पैसे कशाचे भरताय? ती ओळखणारी बाई तिथे आहे का, तिचं शिक्षण काय, भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असलेलं कुणी देखरेखीला आहे का? की पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला मुलगा प्ले-पॉज करतोय?

यंत्राच्या आयुष्याचाही प्रश्न आहे, आणि इथे मला खरोखर काळजी वाटते. येलच्या अभ्यासात जो जिबो रोबोट होता, त्याच्या कंपनीने २०१८ च्या शेवटी गाशा गुंडाळला आणि २०१९ मध्ये रोबोटांचे सर्व्हर बंद होणार असल्याचं जाहीर झालं. मुलांसाठीच काढलेला मोक्सी नावाचा रोबोट होता, किंमत सुमारे ८०० डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने बंद होत असल्याचं जाहीर केलं, आणि आपला बोलणारा दोस्त आता गप्प होणार हे आई-वडिलांनी मुलांना कसं सांगायचं, हा प्रश्न उभा राहिला. नाओ बनवणारी अल्डेबरान ही फ्रेंच कंपनीही २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या मुलाला नेहमीचा शाळेचा रस्ता बदलला तरी त्रास होतो, त्याच्या दिवसातली सगळ्यात भरवशाची गोष्ट इंटरनेटवरच्या कुठल्या तरी कंपनीच्या हवाली करायची का? माझं उत्तर नाही असं आहे. वायफाय काढून टाकल्यावर जे यंत्र चालत नाही, ते या कामासाठी घरात आणू नये.

आता तुमच्या धंद्यातलं एक उदाहरण देते. वेल्डिंगच्या वेळी जॉब, म्हणजे जोडायचा भाग, फिक्स्चर नावाच्या पकडीत धरतात, टाके बसले की काढून घेतात. गिऱ्हाइकाला कुणी फिक्स्चरसकट माल पाठवत नाही. रोबोट हा फिक्स्चर आहे, आणि काढायचा दिवस पहिल्याच दिवशी ठरलेला असावा लागतो. वर्षभराच्या पॅकेजमध्ये तसा दिवस नसतो, कारण पॅकेज वर्षाचं विकलेलं असतं.

काढला नाही तर काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या एका मुलीला मोठ्या रोबोटने हात हलवून “नमस्कार, तू कशी आहेस?” शिकवलं. शिकली, चोख शिकली. कोपर काटकोनात, हात उजवीकडे-डावीकडे अगदी दोनदा, मध्ये रोबोटसारखा थांबा, आणि मग सपाट आवाजात ते वाक्य. वॉचमनकाकांना तेच, भाजीवाल्या मावशींना तेच, धाकट्या भावाला तेच. समोरचा काही बोलला की तिची गाडी अडायची, कारण रोबोट त्या जागी ठरलेलं उत्तर द्यायचा आणि माणसं वाटेल ते बोलतात. तिची आजी सटाण्याकडची. तिने फोनवर अहिराणीत विचारपूस केली की मुलगी फोन खाली ठेवून द्यायची. रोबोटचं मराठी वर्गातल्या फळ्यावरचं, आणि आपल्या जिल्ह्यात मराठीच्या चार तऱ्हा. सिन्नरचं माणूस “काय करू राहिला?” म्हणेल, दुसरं कुणी “काय करतोस?” म्हणेल. त्या मुलीला रोबोटकडून शिकायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ रोबोटबाहेर आणायला लागला. आम्ही घरच्या सगळ्यांचे आवाज रेकॉर्ड करून रोबोटमध्ये घातले, मग रोबोट बाजूला ठेवून तेच आवाज मोबाइलवर, मग प्रत्यक्ष माणसं, एकेक करून. हे कामही थेरपीचाच भाग धरा. पॅकेजवाल्यांना विचारा की हे कोण करणार.

‘आय कॉन्टॅक्ट’बद्दलही बोलून टाकते. मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक व्यक्ती आता स्वतः लिहितात, बोलतात, आणि त्यातले बरेच जण सांगतात की डोळ्यात डोळे घालून बघायला लावणं त्यांना त्रासाचं होतं. बघायचं की ऐकायचं, दोन्ही एकदम जमायचं नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसं इतरांनाही त्याचं कळत नाही, पण शिकवणी फक्त एकाला लावली जाते. हे मला पटतं. म्हणून मी मुलाकडून ‘बघ माझ्याकडे’ असं करून घेत नाही, आणि रोबोटकडून तर मुळीच नाही. मुलाला काही सांगायचंय, वाटून घ्यायचंय, म्हणून त्याने माणसाकडे वळावं, एवढी माझी अपेक्षा. ते वळणं नजरेने असेल, हात लावून असेल, चित्राचं कार्ड देऊन असेल. ‘ही मुलं यंत्रासारखी, म्हणून यांना यंत्र’ असं बोलणारेही भेटतात. आजींचा राग त्या सुराचा असेल तर त्या बरोबर आहेत.

मग ते लाख रुपये? त्यातला बराचसा भाग तुम्हा दोघांच्या शिकण्यावर घाला. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला ‘पास’ नावाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो मला आपल्याकडच्या घरांना सगळ्यात जवळचा वाटतो. ६५ मुलं होती. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे. आई आणि मूल खेळतानाचा थोडा वेळाचा व्हिडिओ काढायचा, मग तो आईबरोबर बसून बघायचा. इथे मुलाने वर बघितलं आणि तुम्ही मोबाइल बघत होतात, इथे तुम्ही थांबलात आणि त्याने पुढाकार घेतला, असं. आठ महिन्यांनी आई-वडिलांचा मुलाशी मेळ वाढला आणि मुलं आपणहून जास्त पुढाकार घेऊ लागली. त्यात रोबोट नाही, खेळणीही साधी.

हे तुम्ही आजपासून करू शकता. फोन टेबलावर उभा करा, मुलाबरोबर दहा मिनिटं जमिनीवर बसा, आणि रात्री तो झोपल्यावर दोघांनी बघा. पहिल्या काही व्हिडिओंत तुम्हाला दिसेल की तुम्ही फार प्रश्न विचारता. “हे काय आहे? कोणता रंग? सांग ना, सांग!” प्रत्येक घरात हेच दिसतं. प्रश्न निम्मे करा, थांबणं दुप्पट करा. तुमच्या थेरपिस्टला व्हिडिओ दाखवा. बघायला वेळ नाही म्हणत असतील तर थेरपिस्ट बदला.

सरकारी बाजू पटकन सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, सिव्हिलमध्ये डीईआयसी म्हणून चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम धरलेला आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, निघतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत धरतात. आणि कानाची तपासणी अजून झाली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती करून घ्या.

तरीही रोबोट वापरायचाच ठरला, इथे किंवा दुसऱ्या केंद्रात, तर आधी एकदा मुलाला नुसता दाखवा. सगळ्यांना तो आवडत नाही. मोठ्या रोबोटच्या आतला पंखा सतत घुमतो, डोळ्यांतले दिवे रंग बदलतात, आणि नाओसारखा ५८ सेंटीमीटरचा रोबोट चालता चालता धाडकन पडतो. मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाला जी मुलं कान झाकून घेतात, त्यातली काही रोबोटच्या पडण्याने इतकी दचकली आहेत की परत त्या खोलीत यायला तयार नव्हती. सेशन लहान ठेवा, दहा-पंधरा मिनिटं पुरे, बाकीचा वेळ माणसांबरोबर. आणि रेकॉर्डिंग होत असेल तर ते कुठे जातं ते लेखी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते असं स्पष्ट आहे. सोशल मीडियावर जाहिरातीत तुमच्या मुलाचा चेहरा दिसावा असं तुम्हाला वाटत नसेल, तर ‘सहमत’ची खूण करण्याआधी फॉर्म वाचा.

आता घरी बनवायचं. माणसासारखा करायला जाऊ नका. चेहरा, बोलणं, चालणं, सगळं सोडून द्या. बुटाच्या खोक्याएवढं खोकं, त्यावर एक हात किंवा एक झेंडा, आत एक छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) आणि आर्डुइनो (तिला हुकूम देणारा छोटा सर्किट बोर्ड). सामान हजार-दीड हजारात होईल, तुम्हाला रविवारची दुपार पुरेल. त्याला फक्त दोन गोष्टी आल्या पाहिजेत: हात हळू वर नेणं आणि मध्येच थांबणं. हालचाल सुरू करणारं बटण खोक्यावर नको. ते लांब वायरच्या किंवा वायरलेस रिमोटवर हवं, आणि रिमोट माणसाच्या हातात. बटण खोक्यावर असेल तर मुलगा स्वतःच दाबत बसेल, आणि तुम्ही त्याला आणखी एक मिक्सर करून दिलेला असेल.

बटणाच्या आकाराचे सेल कुठेही वापरू नका. गिळले गेले तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. एए सेल घ्या, त्याचं झाकण स्क्रूने बंद होऊ द्या. सर्व्होचा दात निसटला तरी बोट अडकणार नाही इतकी फट हाताच्या दोन्ही बाजूंना ठेवा. गार्ड लावणं तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं.

पहिले काही दिवस त्याला खोक्याशी नुसतं ओळख करू द्या. मग थांबवायला सुरुवात करा, पण दर वेळी नको; तीन-चार वेळा नीट चालू द्या आणि एकदा थांबवा, नाहीतर तो चिडेल आणि त्याचं बरोबर असेल. थांबवल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बोलू नका, हात पुढे करू नका. तो तुमच्याकडे बघेल, हात लावेल, आवाज करेल, त्यातलं काहीही चालेल. लगेच हात हलू द्या. दहा झाले आणि काहीच आलं नाही तर तरीही हलवा, शिक्षा म्हणून अडवून धरू नका. मोटरच्या आवाजातच तो अडकून पडला, तर एकदा खोकं उघडून त्याला आतली चक्रं पोटभर बघू द्या, आणि पुढच्या वेळी मोटरखाली फोमचा तुकडा घाला म्हणजे आवाज बसेल.